मधली जागा

२ डिसेंबर

आले एकदाची. औंढ्यापासून काळीपिवळीत मांडीवर शेगडी आणि पायाशी भांड्यांचं पोतं घेऊन बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, माहेरी चालली का सासरी. नोकरीवर चाललेय म्हटल्यावर तो खूश झाला आणि माझ्या शेगडीवर हात ठेवून झोपून गेला.

उपकेंद्र तांड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. पुढे तपासणीची खोली, औषधांची खोली आणि बाळंतपणाचं टेबल. मागे माझं क्वार्टर. मागचं दार उघडलं की उतार, आणि उताराखाली सिद्धेश्वर धरणाचं पाणी. परभणीतल्या आमच्या खिडकीतून शेजारच्यांची मोरी दिसायची. इथं मासेमारांच्या होड्या दिसतात, पलीकडच्या काठावर चरणारी शेरडं दिसतात.

इतकी वर्षं खासगी दवाखान्यात ‘ए सिस्टर’ ऐकलं. आता दारावर पाटी आहे: समुदाय आरोग्य अधिकारी. खाली नाव लिहायची जागा रिकामी आहे. आरोग्यसेवक संतराम म्हणाले, पेंटर सापडला की लिहून घेऊ.

बाबासाहेबांचा फोटो समोरच्या भिंतीला लावला, त्याखाली प्रमोदचा. प्रमोदला जाऊन तीन वर्षं झाली. आयुष आईकडे राहील, त्याची सातवीची शाळा मोडायची नाही असं ठरलंय. मघाशी फोनवर विचारत होता, धरणात मगर आहे का. नाही म्हटलं तर हिरमुसला.

चहा केला. दारात बसून प्याले. खूप दिवसांनी कुणी हाक मारली नाही.

६ डिसेंबर

सकाळी पांढरी साडी नेसून तांड्याच्या मूळ गावातल्या बौद्ध वस्तीत अभिवादनाला गेले. कुणी ओळखत नव्हतं, पण जयभीम म्हटलं की अर्धी ओळख झालीच. वंदना झाल्यावर बायकांनी चहाला थांबवून घेतलं. कुठली, कोणाची, एकटीच का, लेकरू कुठं. सगळं सांगितलं. मग एकेक करून सगळ्या आपापल्या घरी गेल्या आणि मी चालत क्वार्टरवर आले. कुलूप काढताना जाणवलं की आत कुणीच नसणार आहे. आधी हे सुख वाटलं होतं.

१५ डिसेंबर

काम बसत चाललंय. सकाळी बीपी-शुगरवाले म्हातारे, मग ताप-खोकला, मग गरोदर बायका. तांड्यावरच्या जिवनबाई आज सुनेला घेऊन आल्या. जिवनबाई अजून जुन्या पद्धतीची आरशांची कांचळी-चोळी घालतात, हातभर बांगड्या. उन्हात उभ्या राहिल्या की भिंतीवर कवडसे नाचतात. सून पुजा मात्र बारावी झालेली, मोबाइलवर झरझर टाइप करणारी. पाचवा महिना. मी नोंद करत होते तर म्हणाली, मॅडम, तुमचं अक्षर लई भारी.

पुजाचा नवरा रतनसिंग हळदीच्या शेतात असतो. जिवनबाई जाताना म्हणाल्या, “एकली राहून राहिलीस, बाई. जेवायला काय करतीस?” भात लावते म्हटलं. संध्याकाळी भाकरी आणि ठेचा आला.

२८ डिसेंबर

रविवार. दुपारी कुशीवर पडून मोबाइल बघत होते. डावा डोळा उशीत दबलेला, उजव्यानं वाचत होते. आईचा मेसेज आलेला दिसला, पण वाचता येईना. अक्षरांच्या मधोमध चहाचा डाग पडावा तसा राखाडी धब्बा. कडेचे शब्द होते, मधले नव्हते. स्क्रीन पुसली, डोळा चोळला. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर सगळं ठीक.

दुखत नाही, लाल नाही, पाणी येत नाही. झोप कमी झाली असेल.

४ जानेवारी

धब्बा गेला नाही. हिंगोलीला चष्म्याच्या दुकानात गेले. त्यानं भिंगांवर भिंगं घातली. प्रत्येक भिंगातून धब्बा तेवढाच. शेवटी म्हणाला, ताई, ये नंबर का मामला नहीं है, डॉक्टर को दिखाओ.

तिथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून बराच वेळ आत पाहिलं. म्हणाले, डोळ्याच्या नसेवर सूज वाटते. मेंदूचा स्कॅन करा. नांदेडला जाऊन केला. स्कॅन साफ निघाला. स्टेरॉइड सुरू केलं. मी नर्स आहे. स्कॅन साफ आहे म्हटल्यावर सुटकेचा श्वास टाकायचा असतो हे मला कळतं. मला तो टाकता आला नाही.

२१ जानेवारी

औषधानं काही फरक नाही. उजव्या डोळ्यानं सरळ बघितलं की समोरच्या माणसाचं डोकं जातं, खांदे राहतात. पण डावा डोळा पक्का आहे आणि एका डोळ्यावर माणूस सगळं करू शकतं. शिरेत सुई जाते, शिशीवरची तारीख दिसते. कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. ती आयुषला घेऊन धावत येईल आणि मग शाळा बुडेल.

आयुष फोनवर म्हणाला, आई तू हल्ली व्हिडिओ कॉल का करत नाहीस. रेंज नाही म्हटलं.

३ फेब्रुवारी

हळद शिजवायला सुरुवात झाली आहे. शेताशेतात कुकर लागलेत, वाफेचा उग्र वास उपकेंद्रापर्यंत येतो. आयाबायांचे हात कोपरापर्यंत पिवळे. रतनसिंगनं ओल्या हळदीचे गड्डे आणून दिले. मी म्हटलं, यंदा रंग जरा फिका आहे का? तो हसला. “मॅडम, असा रंग तर धा वर्सांत आला न्हाई.”

मग जिवनबाईंच्या घागऱ्याकडे पाहिलं. तो लाल आहे, मला माहीत आहे की तो लाल आहे. आज तो ओल्या विटेसारखा दिसला.

घरी येऊन उजवा डोळा मिटला. डाव्यानं कॅलेंडरवरचे सुट्टीचे आकडे पाहिले. तेही विटकरी.

११ फेब्रुवारी

डावाही.

आठवडाभरात गेला, जसं पाण्यात मीठ जातं. आता दोन्ही डोळ्यांच्या नजरेतली मधली जागा गेली आहे. आंधळी नाही मी. रस्ता दिसतो, दाराची चौकट दिसते, कोपऱ्यातली पालसुद्धा दिसते. फक्त ज्याच्याकडे बघावं ते नसतं. बघायचं असेल तर दुसरीकडे बघावं लागतं. कपाकडे बघितलं तर कप नाही. कपाच्या बाजूच्या भिंतीकडे बघितलं की कप कडेला येतो, पुसट, पण येतो.

माणसांचंही तसंच. त्यांच्या कानामागे बघितलं तर तोंडाचा अंदाज येतो. पाणवठ्यावर बायका बोलत होत्या म्हणे. संतरामनं सांगितलं, जरा चाचरतच: नवी बाई तोंड फिरवून बोलते, तिला आमची किळस येते का?

मी काय सांगायचं होतं त्यांना.

बाबासाहेबांचा फोटो पाहिला. निळा कोट आहे. वर राखाडी.

१६ फेब्रुवारी

आज भरदुपारी, ओपीडी संपत आली होती. एक आजोबा समोर बसले, खोकत होते. त्यांच्या तोंडाच्या जागी नेहमीचा धब्बा होता. आणि धब्ब्यात हळूहळू एक चेहरा आला.

आजोबांचा नव्हे. बाईचा की पुरुषाचा ते कळलं नाही. डोळे फार मोठे, पापण्या नसलेले. दात ओठांच्या बाहेर, एकेक वेगळा दिसेल असा स्पष्ट. गेल्या कित्येक दिवसांत मी काही इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं. आजोबा खोकत होते आणि तो चेहरा हलत नव्हता. खोकला त्याच्यामागून येत होता.

मी उठून औषधांच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा धब्बाच होता. गोळ्या आजोबांनाच मोजून घ्यायला सांगितल्या.

१७ फेब्रुवारी

पुन्हा. संतरामच्या खांद्यांवर.

२० फेब्रुवारी

संभाजीनगर. मोठ्या दवाखान्यात दिवसभर. जाताना बसमध्ये कंडक्टरला तो चेहरा होता. तिकीट घेताना मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीण बाई तरुण असाव्यात, आवाजावरून. त्यांनी सगळे कागद पाहिले, डोळ्यांच्या आत पाहिलं आणि मग खुर्ची जवळ ओढून एकच प्रश्न विचारला: तुमच्या आईच्या माहेरी कुणाची नजर तरुणपणी गेली होती का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, नीट विचारून घ्या.

मग त्यांनी समजावलं. मी शिकलेली आहे असं धरून, पण घाई न करता. शरीरातल्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. त्या माणसाला बापाकडून मिळत नाहीत, फक्त आईकडून येतात. काही घराण्यांत त्या भट्ट्यांच्या आराखड्यात एक अक्षर चुकलेलं असतं. बाकी शरीर ती चूक आयुष्यभर सहन करतं. डोळ्याची नस, तीही नेमकी मधल्या नजरेची, कधीतरी सहन करत नाही. दुखत नाही. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा. कडेची नजर राहते. चेहरे, अक्षरं, आकडे जातात.

मी विचारलं, बरं होतं का. क्वचित थोडं परततं, म्हणाल्या. एक गोळी आहे, काहींना उपयोग होतो. पक्का इलाज अजून नाही. रक्त तपासायला घेतलं, अहवाल यायला वेळ लागेल.

चेहऱ्याचं सांगायला मला फार वेळ लागला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे वेड नाही. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू रिकाम्या जागेत आपलीच चित्रं भरतो. कुणाला नक्षी दिसते, कुणाला बुटकी माणसं, कुणाला असे चेहरे. ते काही करत नाहीत.

मग मी उठले आणि दारापर्यंत गेले आणि तेव्हा मला ते कळलं. मागे वळून विचारलं: आईकडून येतात म्हणजे, माझ्याकडून?

त्या म्हणाल्या, तुमच्या प्रत्येक मुलात तो दोष असणार. सगळ्यांची नजर जात नाही. पुष्कळांची आयुष्यभर शाबूत राहते. मुलींपेक्षा मुलांत जास्त—

मुलगा आहे का, असं त्यांनी विचारलं.

२१ फेब्रुवारी

आईला फोन केला. डोळ्यांचं सगळं सांगितलं आणि मग विचारलं. 

मग म्हणाली, “तुझा नरसिंगमामा.”

नरसिंगमामा माझ्या जन्माआधी गेला. घरात एकच सांगितलं जायचं, हातभट्टीची प्याला आणि गेला. आई म्हणाली, दारू त्यानं तोंडाला लावली ती नजर गेल्यावर. विशीत गेली, दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांची. तोंड फिरवून बोलायचा. भिंतीवर माणसं दिसतात म्हणायचा. लोक म्हणाले याला बाहेरचं झालंय. “बांधून ठिवला होता गं त्याला. गोठ्यात. माझ्याच बापानं.”

मी म्हटलं, मला काहून सांगितलं नाहीस?

“तुझं लगीन झालं नसतं, करुणा.”

मग ती रडायला लागली आणि पलीकडून आयुषचा आवाज आला, आजी काय झालं. मी फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी

आईवर राग करायला बसले तर तिचा चेहरा आठवतो आणि आठवणीतला चेहरा मधोमध पूर्ण असतो, तिथं धब्बा नसतो. त्यामुळे राग टिकत नाही.

तिला तिच्या आईनं दिलं. तिनं मला. मी ते पोटात वाढवलं, दूध पाजलं, लसी टोचून घेतल्या, प्रत्येक वेळी वेळेवर. या एका गोष्टीवर माझ्या हातात काहीच नव्हतं.

आयुषला सांगायचं का? काय सांगायचं? सिगरेट-दारूच्या वाट्याला जाऊ नकोस, त्यानं धोका वाढतो असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या. तेरा वर्षांच्या पोराला हे सांगायचं आणि का ते सांगायचं नाही?

१ मार्च

अहवाल आला. डॉक्टरीण बाईंनी फोनवर सांगितला. दोष आहे.

काम बंद करा म्हणाल्या, तुमच्याही आणि रुग्णांच्याही भल्यासाठी. दिव्यांग प्रमाणपत्र काढा, बसून करायचं काम मिळू शकतं. मी हो म्हटलं. करार मार्चअखेर संपतो. नवा करार हातात येईपर्यंत बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. एक महिना. सुया संतरामला टोचायला सांगते, माझा हात दुखतो म्हणते. गोळ्यांची पाकिटं बोटांनी ओळखते. नोंदी स्केचपेननं मोठ्या लिहिते, फूटपट्टी ठेवून. ही वहीपण तशीच.

आज जिवनबाई बराच वेळ बसल्या. भाकरी आणली होती. मला त्यांना सांगायचं होतं. नरसिंगमामाला गोठ्यात बांधलं होतं ते आठवलं. बोलले नाही.

५ मार्च

तपासणीचा दिवस. पुजा सर्वांत शेवटी आली. आठवा लागलाय. अंगठी बोटातून निघत नाही म्हणाली, हसून. डोकं दुखतंय. मी म्हटलं ऊन आहे, हळदीच्या वाफेत उभी राहू नको.

बीपीचा पट्टा बांधला. मशीनची घरघर थांबली. आकडे बघायला मान वळवली. एक दिसला. शेवटचा आठ दिसला. मधला येईना. पुन्हा मान फिरवली. एकदा दोन वाटला, एकदा सहा. मागच्या खेपेला एकशे अठरा होतं.

पुन्हा एकदा मोजते म्हणायला वर बघितलं आणि पुजाच्या मानेवर तो चेहरा होता. इतक्या जवळ कधीच आला नव्हता. दात पुजाच्या ओढणीला टेकलेले.

“किती आलं, मॅडम?” त्याच्यामागून पुजाचा आवाज.

मला ती खोलीतून जायला हवी होती. तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, चांगलं आहे.

एकशे अठ्ठावीस लिहिलं.

६ मार्च

सकाळी रतनसिंग ओरडत आला. पुजा चुलीजवळ पडली होती. हातपाय ताठ, तोंडाला फेस, डोळे वर. मी पोचले तेव्हा दुसरा झटका सुरू होता. कुशीवर वळवली, तोंड मोकळं केलं. संतरामनं बीपी घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. मला तो आकडा ऐकवेना.

इंजेक्शन संतरामनं भरलं, मी मात्रा सांगितली, दोनदा त्याच्याकडून वाचून घेतली. ॲम्ब्युलन्स यायला वेळ होता म्हणून रतनसिंगच्या भावाच्या जीपमध्ये घातली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हिंगोलीपर्यंत सगळा रस्ता मी तिचा चेहरा बोटांनी बघत होते: कपाळ, भुवया, ओठ, चावलेली जीभ, रक्त. हे तिचं होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

आत नेली. दार बंद.

८ मार्च

पुजा शुद्धीवर आली. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. फार लहान, काचेच्या पेटीत आहे. जगेल का ते सांगत नाहीत.

रतनसिंग वॉर्डाबाहेर माझ्या पाया पडला. म्हणाला, तुमी होत्या म्हणून वाचली.

मी पाय मागे घेतले. भिंतीला धरून उभी राहिले. सगळा वऱ्हांडा माणसांनी भरला होता आणि प्रत्येकाला तोच चेहरा होता.

११ मार्च

तालुक्याच्या साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले लिहून द्या आणि उद्यापासून कशाला हात लावू नका.

मग तांड्यावर गेले. जिवनबाई दारात बसल्या होत्या. उभ्यानंच सांगितलं. डोळ्यांचं. मधल्या आकड्याचं. पुजाच्या अंगावर काय दिसलं तेही.

मला वाटलं त्या ओरडतील. मारतील. बांगड्या हलल्या नाहीत, इतक्या स्थिर बसल्या. म्हणाल्या:

“पुजाला आकडे येतेत की, बाई. मशीन तिच्याकडं फिरवायची होती. तिनं वाचलं असतं.”

एवढंच. उठून आत गेल्या. दार लावलं नाही, पण बाहेरही आल्या नाहीत.

इतकं सोपं होतं—

१३ मार्च

भाकरी येत नाही. यावी तरी का.

रस्त्यानं जाणारे थांबत नाहीत. संतराम पुढच्या खोलीत असतात, जेवढ्यास तेवढं बोलतात. मी मागे बसते. पाणी दिसतं, म्हणजे पाण्याच्या कडा दिसतात. मध्ये—

डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या तो चेहरा काही करत नाही. खरं आहे. त्यानं काही केलं नाही. मी केलं.

१४ मार्च

आता माणूस नसलं तरी येतो. भिंतीवर. ताटात. प्रमोदच्या फोटोत. डोळे मिटले की जातो. म्हणून मिटून बसते. मग भूक लागते, मग उघडते—

नरसिंगमामा गोठ्यात किती दिवस होता ते आईला विचारायचं राहिलं. त्याच्याशी कुणी बोलत होतं का—

१५ मार्च

संतराम दारातून म्हणाले, बाळ दूध पिऊ लागलंय. पुजाला ऐकू येतं, बोलते, बराबर आहे. आत पाय न ठेवता गेले.

रडले. मोठ्यानं. ऐकायला कुणी नव्हतं.

१७ मार्च

आईचा फोन. घ्यायला येते म्हणाली. आयुषलाही आणते, तो ऐकत नाही. नको म्हटलं. ऐकलं नाही.

त्याच्याकडे बघायचं नाही. ठरवलंय. त्याच्यावर तो चेहरा आला तर—

१८ मार्च

आले दोघं. दुपारच्या गाडीनं.

आयुष पळत आला, कमरेला मिठी मारली. उंच झालाय. केसांना उन्हाचा वास. मी डोळे मिटूनच घेतलं त्याला. तो म्हणाला, “आई, उघड ना डोळे. मी घाबरत न्हाई.” आजीनं सांगितलंय म्हणे सगळं.

उघडले. त्याच्या कानामागे बघितलं. तोच होता. माझा आयुष. पुसट, पण तोच. दुसरं कुणी आलं नाही.

—

आई भांडी बांधतेय. आयुषला म्हटलं, मला काहीतरी वाचून दाखव, किती दिवसांत काही वाचलं नाही. त्यानं पेपरचा तुकडा घेतला. दारात उजेडाला बसला. वाचतोय. हळदीचे भाव. धरणातलं पाणी. मध्ये थांबतो. पुन्हा वाचतो.

छान वाचतो. मी ऐकतेय, लिहितेय. पोराचा आवाज फुटायला लागलाय.

पुन्हा थांबला.

मी कडेनं बघितलं. मान तिरपी केलीय त्यानं. कागद एका बाजूला धरलाय.

आईला म्हटलं, हा असा का बसलाय. आई म्हणाली, “तुझी नक्कल करून राहिलाय, दुसरं काय.” हसली. मग हसायची थांबली.

आयुष, सरळ बस बाळा. सरळ बघून वाच.

तो म्हणतो, असंच बरं दिसतं.

—

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलंय. त्याच्यापुढं जाऊन बसलीय. मी जात नाही. लिहितेय, कारण हाताला काहीतरी—

त्याचा उजवा डोळा झाकला तिनं, तळहातानं. विचारतेय, आजी दिसते का रे. तो म्हणतो, दिसते, जरा पुसट. रडू नको ना आजी.

आता डावा झाकतेय.

विचारलं तिनं.

तो बोलत नाही.

पुन्हा विचारलं. आयुष. बाळा. आजीचं तोंड दिस—